तपासणीची लेखणी कोणाच्या हाती?



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला आरोग्याच्या विषयावर बोलायला सांगितले, तेव्हा मी त्यांना म्हणालो की, मी डॉक्टर नाही आणि पदवीधरही नाही. दहावीत नापास झालो, जिनिंगमध्ये लागलो, सरकीची पोती वाहिली, आणि जे काही वाचले ते हंगाम संपल्यावर सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून वाचले. पुढे कामगार संघटनेचे काम अंगावर आले आणि त्यातच वय पन्नाशीपलीकडे गेले. अलीकडे मात्र या कामात माझी गाठ आरोग्य खात्यातील कंत्राटी कर्मचाऱ्यांशी व आशा स्वयंसेविकांशी वारंवार पडते. चालक म्हणाले, "मग तुम्ही जे पाहिले तेच सांगा." म्हणून आज उभा आहे.

प्रथम एक हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी परदेशी मदतीवर चालणारा एक आरोग्य प्रकल्प आपल्या भागात काम करीत होता. त्याचे नाव मी घेणार नाही. दोष त्या एकट्याचा नव्हता, तो पद्धतीचा होता. या प्रकल्पाने प्रत्येक उपकेंद्राला एक छापील तक्ता दिला आणि सांगितले की, तुमची तपासणी तुम्हीच करा. याला ते 'स्वयंमूल्यमापन' म्हणत. तक्ते भरून आले, बेरीज झाली, आणि जवळजवळ सगळ्या उपकेंद्रांना पैकीच्या पैकी गुण मिळाले. समारोपाच्या सभेत टाळ्या झाल्या, पाहुण्यांना शाल व श्रीफळ दिले गेले.

सभा आटोपल्यावर मांडवाबाहेर एक आशाताई भेटल्या. मी त्यांचे अभिनंदन केले. त्या हसल्या व म्हणाल्या, "काटा तं हाये भाऊ, पण तो चालत नाई ना." तान्ह्या मुलांचे वजन करण्याचा काटा आठ महिन्यांपासून बिघडलेला होता. "कागदानं इचारलं, काटा हाये का? आमी लिवलं, हाये. चालते का, असं कोनी इचारलंच नाई."

श्रोतेहो, अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे मूल जन्मले तर ते अशक्त समजून त्याला अधिक जपावे लागते. त्याला ऊब द्यायची, आईचे दूध वेळेवर पाजायचे, घरी जाऊन पुनःपुन्हा पाहायचे. काटा चालत नसेल तर वजन नजरेच्या अंदाजाने लिहिले जाते, आणि दोन किलोचे मूल वहीत अडीच किलोचे होते. गुणपत्रिकेत सारे आलबेल, आणि ज्या बाळाला जपायचे तेच नजरेतून सुटलेले. स्वतःची तपासणी स्वतः करणे या गोष्टीत बळ किती आणि फसवणूक किती, हे मला त्या दिवशी कळले.

आता ही पद्धत मुळात काय आहे ते पाहू. एखाद्या संस्थेत दोष असेल तर तो दोन वाटांनी कळतो. एक तर वरून तपासनीस येतो, तास-दोन तास पाहतो, शेरा लिहितो व जातो. तो येणार हे आधी कळते, त्यामुळे त्या दिवशी फरशी धुतलेली असते. दुसरी वाट अशी की, त्या जागी रोज काम करणाऱ्यांनीच एकत्र बसावे, काय चालते आणि काय अडते ते लिहावे, आणि त्यावरून पुढचे काम ठरवावे. पहिल्या वाटेने शेरा मिळतो. दुसऱ्या वाटेने बदल होऊ शकतो, कारण अडचण ज्याला रोज टोचते त्यालाच ती कुठे आहे हे नेमके ठाऊक असते.

आपल्या सरकारी दवाखान्यांतही ही पद्धत आता आली आहे. केंद्र सरकारने 2013 साली जिल्हा रुग्णालयांसाठी गुणवत्तेची राष्ट्रीय मानके ठरविली आणि नंतर ती प्राथमिक आरोग्य केंद्रांनाही लावली. 2015 साली स्वच्छतेसाठी 'कायाकल्प' योजना आली. दोन्हींचा आरंभ स्वयंमूल्यमापनानेच होतो. तक्त्यात एकेक बाब दिलेली असते, आणि ती पूर्ण असेल तर 2, अर्धवट असेल तर 1, नसेल तर 0 असे गुण द्यायचे. गुण देताना चार मार्ग वापरावेत असेही सांगितले आहे : डोळ्यांनी पाहणे, कर्मचाऱ्यांना विचारणे, नोंदवह्या तपासणे आणि रुग्णाला विचारणे. जेथे 0 पडला तेथे त्याचे मूळ शोधायचे, उपाय ठरवायचा, करून पाहायचा व पुन्हा मोजायचे. त्यानंतर बाहेरचे परीक्षक येतात. मानकांप्रमाणे प्रमाणपत्र हवे असेल तर साधारणपणे शेकडा 70 गुण लागतात.

कागदावर ही रचना उत्तम आहे. तरीही पैकीच्या पैकी गुणांचे तक्ते का तयार होतात? आपल्याकडे म्हण आहे की, झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ उघडली तर आत काय आहे ते दिसेल, आणि दिसल्यावर उघडणाऱ्याचे काय होईल, याची भीती असते. ही भीती काही यवतमाळचीच नाही.

अमेरिकेत बोस्टन शहरात अर्नेस्ट कॉडमन नावाचे एक शल्यवैद्य होऊन गेले. त्यांचे म्हणणे अगदी साधे होते. दवाखान्याने प्रत्येक रुग्णाची पुढे वर्षभर चौकशी करावी, तो बरा झाला की नाही ते पाहावे, आणि झाला नसेल तर आपले कुठे चुकले ते लिहून जाहीर करावे. ते ज्या मोठ्या रुग्णालयात होते तेथे हे कोणाला रुचले नाही. 1914 साली त्यांनी तेथील जागेचा राजीनामा दिला. स्वतःच्या लहानशा दवाखान्यात मात्र त्यांनी हा हिशेब चालविला. 1911 ते 1916 या काळातल्या 337 रुग्णांचा अहवाल त्यांनी छापला आणि त्यात 123 चुका आपल्या हाताने नोंदविल्या. त्याचे फळ म्हणून व्यवसायबंधू दुरावले आणि कमाई घटली. आज त्यांना या विद्येचे आद्य पुरुष मानतात. पण जिवंतपणी त्यांनी खरेपणाची किंमत मोजली. एवढा मोठा डॉक्टर जिथे एकटा पडला, तिथे कामाच्या नगावर मोबदला मिळणाऱ्या आशाताईने शून्य लिहावा, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो?

मग हे कधी साधलेच नाही काय? साधले आहे, आणि आपल्या डोळ्यांदेखत साधले आहे. पोलिओच्या मोहिमेची गोष्ट घ्या. 1988 साली जगातल्या राष्ट्रांनी पोलिओ नाहीसा करण्याचा निश्चय केला, तेव्हा दरवर्षी सुमारे साडेतीन लाख मुले या रोगाने पांगळी होत होती. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, रोटरी आणि देशोदेशीची सरकारे त्यात होती. आपल्याकडे 1995 साली पल्स पोलिओ सुरू झाला. करंगळीला शाई लावलेली लेकरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्या मोहिमेत स्वतःला तपासण्याच्या ज्या युक्त्या होत्या त्यांतल्या तीन सांगतो.

पहिली युक्ती लसीच्या कुपीवर होती. कुपीवर एक वर्तुळ आणि त्यात एक फिकट चौकोन असतो. लस उष्णतेत राहिली की चौकोन काळवंडत जातो. तो भोवतालच्या वर्तुळाइतका गडद झाला की कुपी फेकून द्यायची. प्रयोगशाळा नको, साहेबाची सही नको. आपल्या उन्हाळ्यात बर्फाचा डबा घेऊन पायी हिंडणाऱ्या बाईला लस चांगली की बिघडलेली हे तिथल्या तिथे कळते. तपासणीचे साधन शेवटच्या माणसाच्या हाती दिले होते.

दुसरी युक्ती दारावरची. घरोघर फिरणारी जोडी ज्या घरातल्या सर्व मुलांना डोस मिळाला त्या दारावर खडूने 'पी' लिहीत असे. घराला कुलूप असेल, मूल गावी गेले असेल किंवा घरच्यांनी नकार दिला असेल, तर त्या दारावर फुली पडे. आता ही फुली म्हणजे 'येथे आमचे काम अपुरे राहिले' अशी कबुलीच होती, तीही रस्त्यावरच्या कोणालाही दिसेल अशी. पण फुली मारली म्हणून जोडीला दंड नव्हता. फुलीच्या घरी पुन्हा जायचे, एवढाच तिचा अर्थ. खोटे 'पी' लिहिण्याचा मोह होईच, तेही लपवीत नाही. म्हणून बाहेरचे निरीक्षक मुद्दाम 'पी'च्या घरांत शिरून मुलांच्या करंगळ्या पाहत.

तिसरी युक्ती मला सर्वांत शहाणपणाची वाटते. पंधरा वर्षांखालील मुलाचे हातपाय अचानक लुळे पडले की, ते कारण कोणतेही असो, ती घटना कळवायची आणि शौचाचे नमुने प्रयोगशाळेला पाठवायचे. पोलिओ मुळीच नसला तरी इतर कारणांनी दर लाख मुलांमागे वर्षाला निदान एक तरी असे मूल सापडतेच. तेव्हा एखाद्या मोठ्या जिल्ह्याने वर्षभर 'एकही नाही' असे लिहिले, तर त्याला शाबासकी मिळत नसे. 'तुम्ही पाहता आहात ना?' अशी विचारणा होत असे. निर्दोष कागद हाच तेथे संशयाचा विषय होता. ज्या दिवशी आपल्या सर्व खात्यांत ही एक रीत रुजेल, त्या दिवशी निम्मे काम झाले असे मी समजेन.

फळ काय मिळाले ते जगासमोर आहे. 2009 साली भारतात पोलिओचे 741 रुग्ण होते, जगातल्या कोणत्याही देशापेक्षा अधिक. 2010 साली 42 राहिले. 2011 च्या जानेवारीत पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात एक मुलगी सापडली, ती शेवटची. 27 मार्च 2014 रोजी भारतासह आग्नेय आशियाचा विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. हे यश लसीचे आहेच. पण त्यात खडूच्या त्या फुलीचाही वाटा आहे.

मोहिमेची गोष्ट सोडा, सगळी संस्थाच बदलली असे उदाहरणही महाराष्ट्रात आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे काम सुरू केले. खेड्यात शिकलेली परिचारिका नेमली की आरोग्य पोहोचेल, असे त्यांना प्रथम वाटले. पण बाहेरून आलेली तरुण मुलगी परक्या गावात एकटी राहीना, आणि गावही तिला आपली मानीना. त्यांनी दोष त्या मुलींच्या माथी मारला नाही, की गावाला अडाणी म्हटले नाही. आपली योजनाच चुकली हे मान्य केले आणि गावातल्याच बायकांना शिकवायला घेतले. त्यांत पुष्कळ निरक्षर होत्या, पुष्कळ दलित होत्या. त्या नियमाने जामखेडला येत, आपापल्या गावाची हकीकत सांगत, काय जमले नाही ते सांगत, आणि त्यावरच पुढचा धडा होई. जागतिक आरोग्य संघटनेने 1975 साली काढलेल्या ग्रंथात या कामाला स्थान मिळाले आणि 1979 साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 2005 साली देशात आशा स्वयंसेविकांची योजना आली, तिच्यामागे अशा प्रयोगांची पुण्याई आहे.

आता आपल्या जिल्ह्यातल्या एका दुःखद घटनेकडे वळतो. ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. 31 जानेवारी 2021 रोजी घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी येथे पल्स पोलिओच्या दिवशी बारा बालकांना लसीऐवजी हात स्वच्छ करण्याच्या सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना यवतमाळच्या रुग्णालयात आणावे लागले. सुदैवाने सर्व सुखरूप राहिली. तिघांवर निलंबनाची कारवाई करण्याचे प्रशासनाने जाहीर केले.

मी कामगार चळवळीतला माणूस. तेव्हा 'बिचाऱ्या कर्मचाऱ्यांवर अन्याय झाला' असे मी म्हणेन, अशी आपली अपेक्षा असेल. मी तसे म्हणणार नाही. ज्या आईने विश्वासाने मूल पुढे केले, तिच्यापुढे कोणत्याही संघटनेने मान खाली घातली पाहिजे. परंतु कारवाई झाली म्हणजे काम संपले, असेही मी मानणार नाही. तो करोनाचा काळ होता. सॅनिटायझरची बाटली प्रत्येक टेबलावर आली होती, आणि पूर्वीच्या कोणत्याही फेरीत ती तेथे नव्हती. करोनाची लस पंधरवड्यापूर्वीच सुरू झाली होती, आणि 17 जानेवारीला ठरलेली पोलिओची फेरी त्यामुळेच पुढे ढकलली गेली होती. अशा वेळी फेरीच्या आदल्या दिवशी चार माणसे बसून 'उद्या टेबलावर काय काय असेल, आणि त्यात काय चुकू शकेल?' एवढे बोलली असती, तर कोणीतरी म्हटलेच असते की, लसीच्या टेबलावर दुसरी बाटली नको. एकीने कुपीवरचे नाव मोठ्याने वाचावे, दुसरीने ऐकावे, मगच थेंब घालावेत. याला पैसा लागत नाही. दोन मिनिटे लागतात, आणि खालच्या बाईला 'थांबा' म्हणण्याचा अधिकार लागतो.

हा अधिकार किती मोलाचा आहे याचे प्रमाण मोठमोठ्या शस्त्रक्रियागृहांतून मिळाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली शस्त्रक्रियेपूर्वी, मध्ये व नंतर मोठ्याने वाचावयाची 19 बाबींची एक यादी काढली. रुग्ण कोण, अवयव कोणता, कापूस व सुया मोजल्या काय, इतके साधे प्रश्न त्यात आहेत. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा 1.5 वरून 0.8 वर आल्याचे 2009 साली प्रसिद्ध झाले. यादी वाचायला बहुधा परिचारिका असते, आणि तिचे वाचून होईपर्यंत सर्जनसाहेबांनी थांबायचे असते.

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दाखविले, आता आपल्या डोळ्यातल्या मुसळाविषयी बोलतो. हे सारे वाचल्यावर आमच्या संघटनेची तपासणी आम्हीच करावी असे ठरले. कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली सतरंजी टाकून बसलो. सभासदांत निम्म्याहून अधिक बायका, आणि कार्यकारिणीत एकच बाई. असे का, म्हणून मी विचारले. बराच वेळ कोणी बोलेना. मग एकीने सांगितले, "भाऊ, तुमची सभा संध्याकाळी सातला. आमच्या चुली बी सातलाच पेटतात." वीस वर्षे मी व्यासपीठावरून स्त्रियांच्या हक्कांवर बोलत होतो, आणि सभेची वेळ कधी तपासली नव्हती. त्या दिवशी मला लाज वाटली, हे मोकळेपणाने सांगतो. सभा रविवारी दुपारी दोनला नेली. आज कार्यकारिणीत पाच बाया आहेत, आणि मला त्या पुष्कळ टोकतात.

या सगळ्यातून मी जे शिकलो ते थोडक्यात असे. तपासणीची लेखणी काम करणाऱ्यांच्या हाती असावी, आणि त्या बैठकीत झाडूवालीपासून डॉक्टरांपर्यंत सर्वांनी एका सतरंजीवर बसावे. आपण होऊन दोष सांगणाऱ्याला त्या दोषाची शिक्षा होऊ नये. शिक्षा असेल तर ती लपविण्याची असावी. प्रत्येक शून्यापुढे उपाय, तो करणाऱ्याचे नाव, तारीख आणि लागणारा पैसा लिहिला जावा, कारण पैशावाचून काटा दुरुस्त होत नाही. आणि शेवटी बाहेरच्या कोणीतरी येऊन 'पी'च्या घरातली करंगळी पाहावी. यांतले एक जरी वगळले तरी उरतो तो नुसता तक्ता.

त्या काट्याचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. पुढच्या खेपेस त्या आशाताईंनी आणि सिस्टरांनी मिळून तक्त्यात 'काटा आहे, चालत नाही' असे लिहिले व शून्य दिला. सही करताना त्यांचा हात थरथरत होता, असे त्यांनी मला नंतर सांगितले. रागावणे झालेच. पण शून्य कागदावर आल्यामुळे मागणीचे पत्र निघू शकले, आणि तीन आठवड्यांत नवा काटा आला. आठ महिने जे अडले होते ते एका खऱ्या शून्याने सुटले.

आपल्यापैकी कोणी रुग्ण कल्याण समितीत असतील, कोणी गावच्या आरोग्य व पोषण समितीत असतील. इतरांनाही दवाखान्यात जाण्याचा प्रसंग येतोच. पुढच्या वेळी गेलात तर मागचा स्वयंमूल्यमापनाचा तक्ता पाहायला मागा. गुण किती मिळाले ते विचारू नका. शून्य कुठे पडले होते, आणि त्यांतले किती भरून निघाले, ते विचारा. आणि एखाद्या सिस्टरने खरे शून्य दाखविले, तर तिच्यावर ओरडू नका. तिच्या बाजूने उभे राहून तो शून्य घालविण्यासाठी वर अर्ज करा. एवढे आपण केलेत तर माझे आजचे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.